मनगटावरचे होकायंत्र : तेंदूच्या हंगामाआधीची एक खरेदी

गेल्या वर्षी बकरीदच्या आदल्या रात्री जेवताना आमचा मधला मुलगा सहज सांगावे तसे म्हणाला, "अम्मी, मी एक दिवस जंगलात चुकलो होतो."

दस्तरखानावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग दादाजानांनी एवढेच विचारले, "किती वेळ?"

"दुपारी बारापासून मगरिबपर्यंत."

तो तेंदूपत्त्याच्या हंगामासाठी गडचिरोली जिल्ह्यात गेला होता. आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पूर्वेला, आत जंगलात एका फळीवर त्याला हिशेबाचे काम मिळाले होते. फळी म्हणजे गावकऱ्यांनी तोडून आणलेली पाने जिथे मोजून घेतात आणि पुडे उन्हात वाळत घालतात ती जागा. हिशेब लिहिणाऱ्याला तिकडे दिवाणजी म्हणतात. बी. कॉम. झालेल्या मुलासाठी महिना-सव्वा महिन्याचे काम, रोख पैसा, खाणे-राहणे ठेकेदाराकडे. भद्रावती, चंद्रपूर, बल्लारपूरकडची बरीच मुले अशा कामाला जातात. आम्हीही आनंदाने पाठवले होते.

त्या दिवशी तो एका स्थानिक तरुणाबरोबर आतल्या पाड्यावर पुडे बघायला गेला. तरुण तिथेच थांबला, हा पायवाटेने एकटा परत निघाला. वाट फुटली, त्याने चुकीचा फाटा धरला. आदल्या रात्री वीज नसल्याने मोबाइलच्या टॉर्चवर हिशेब लिहिला होता, त्यामुळे मोबाइल अर्ध्या वाटेतच बंद पडला. पुढे एक कोरडा नाला लागला. नाल्याने गेलो की कुठेतरी पोहोचू, असे समजून तो नाल्यातून चालत राहिला. जवळचे पाणी दोन वाजता संपले. संध्याकाळी एका पाड्यावर कुत्री भुंकली म्हणून माणसे कळली. त्याला माडिया येत नव्हती, तिथल्या आजींना मराठी येत नव्हती. आजींनी तुंब्यातले पाणी दिले आणि त्यांचा नातू त्याला रस्त्यापर्यंत सोडून गेला.

आमच्या मनात रुतून बसली ती पुढची गोष्ट. पाड्यापासून डांबरी रस्ता वीस मिनिटांवर होता. नाला रस्त्याला जवळजवळ समांतर वाहत होता, आणि आमचा मुलगा दुपारभर त्या रस्त्याच्या बाजूबाजूने, दीड-दोन किलोमीटर आतून चालत होता. उजवीकडे वळून सरळ पश्चिमेला गेला असता तर अर्ध्या-पाऊण तासात एसटीच्या रस्त्यावर आला असता. त्याला नकाशा, उपग्रह काही लागत नव्हते. पश्चिम कुठे, एवढे एकच कळायला हवे होते.

"मग सूर्य पाहायचा ना!" असे आम्हीही म्हणालो. आपल्या भागात मे महिन्यात हा सल्ला का चालत नाही, ते आम्हाला नंतर नीट समजले. भद्रावती साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि सिरोंचा त्याहून थोडे खाली. मेच्या मध्यापासून विसाव्या-एकविसाव्या तारखेपर्यंत सूर्य इथे भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. काठी उभी केली तर तिची सावली तिच्याच बुडाशी जाते. म्हणजे तेंदूच्या ऐन हंगामात भरदुपारी सावली दिशा सांगतच नाही, आणि पाने मोजून माणूस परत निघतो ती हीच वेळ. मावळतीचेही तसेच. सूर्य पश्चिमेला मावळतो असे आपण शाळेत शिकलो, पण मेच्या शेवटी तो इथे पश्चिमेपासून वीस-बावीस अंश उत्तरेकडे सरकून मावळतो आणि डिसेंबरात पंचवीसेक अंश दक्षिणेकडे. वीस अंशांची चूक ऐकायला लहान वाटते. तीन किलोमीटर चालल्यावर ती माणसाला ठरलेल्या जागेपासून एक किलोमीटर बाजूला नेऊन सोडते.

मोबाइलला आम्ही नावे ठेवणार नाही. अजूनही पहिले साधन तेच आहे. बऱ्याच जणांना वाटते की रेंज गेली की मोबाइलला आपली जागा कळत नाही. तसे नाही. उपग्रहांवरून जागा ओळखायला सिमच्या रेंजची गरज नसते, रेंज लागते ती नकाशा उतरवून घ्यायला. घरी वाय-फायवर त्या भागाचा नकाशा आधीच साठवून ठेवला तर तो जंगलात रेंजशिवाय दिसतो. पण बॅटरी संपली, मोबाइल नाल्यात पडला किंवा पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापून बंद झाला, तर? त्या वेळेसाठी दुसरे काहीतरी अंगावर हवे, आणि ते पिशवीत नको, कारण पिशवी माणूस झाडाखाली ठेवून पुढे जातो. म्हणून मनगटावर.

दादाजानांचे किबलानुमा

शोध घरातूनच सुरू झाला. दादाजान हजहून आले तेव्हा त्यांनी पितळी झाकणाचे किबलानुमा आणले होते, त्यासोबत शहरांच्या नावांची छोटी पुस्तिका. "हेच घेऊन जा," ते म्हणाले. वस्तू सुंदर आणि सुईही अजून जिवंत. पण तबकडीवर ३६० अंश नव्हतेच. तिचे चाळीस भाग केलेले होते. अशी किबलानुमा आपल्या कितीतरी घरांत असतील. पुस्तिकेत आपल्या शहरापुढे दिलेला आकडा बघायचा, सुई त्या आकड्यावर आणायची, की मिनाराचे चिन्ह किबल्याकडे तोंड करते. नमाजासाठी हे चोख काम. पण एक भाग म्हणजे नऊ अंश, आणि नकाशावरचा किंवा दुसऱ्याने सांगितलेला अंशांचा आकडा त्यावर वाचता येत नाही. घाबरलेल्या माणसाला जंगलात नऊचा पाढा म्हणायला लावू नये.

या निमित्ताने घरात किबल्याची चर्चा झाली आणि आमचा एक जुना समज मोडला. मक्का आपल्या पश्चिमेला, म्हणून ठेठ पश्चिमेला तोंड करायचे, असे आम्ही धरून चाललो होतो. भद्रावतीहून काबागृहाची दिशा उत्तरेपासून उजवीकडे मोजत गेल्यास २७९ अंश येते, म्हणजे ठेठ पश्चिमेपेक्षा नऊ अंश उत्तरेकडे. गंमत अशी की मक्का आपल्यापेक्षा जेमतेम सव्वा अंशाने उत्तरेला आहे. पृथ्वी गोल असल्याने चार हजार किलोमीटरचा सर्वांत जवळचा मार्ग नकाशावरच्या आडव्या रेषेच्या वरून वळसा घेतो, त्यामुळे सुरुवातीची दिशा उत्तरेकडे झुकते. हे गणित आजचे नाही. अल-बिरुनींनी हजार वर्षांपूर्वी गझनीचा किबला काढण्यासाठी अख्खा ग्रंथ लिहिला होता. येमेनचे सुलतान अल-अश्रफ यांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस किबल्यासाठी चुंबकसुई कशी वापरावी, हे लिहून ठेवले आहे. दिशा कळत नसेल तर मनापासून अंदाज बांधून पढलेली नमाज होते, हे आपल्या घरांत लहान मुलालाही ठाऊक असते. चुकलेल्या रस्त्याला तेवढी सवलत नाही.

दुकानात आणि दुकानाबाहेर

भद्रावतीत आणि चंद्रपुरात दुकानात जाऊन "कंपास आहे का?" असे विचारले, की समोर शाळेची डबी येते. त्यात कोनमापक, कर्कटक, सहा इंची पट्टी. "मनगटावरचं होकायंत्र" म्हटल्यावर एका दुकानदाराने हसून हातमाग केला आणि एकाने घड्याळाच्या पट्ट्यात ओवायची बटणाएवढी गोल वस्तू काढून दिली, नव्वद रुपये. ती घेतली. मुलीने ऑनलाइन दुसरे मागवले : नायलॉनचा रुंद पट्टा, आत द्रव भरलेला, त्यात तरंगणारी तबकडी, वर फिरणारे कडे. ते सातशेच्या आसपास पडले. तिच्या स्वतःच्या स्मार्ट घड्याळातही दिशा दिसते. दादाजानांचे धरून महिन्याभरात घरात चार होकायंत्रे झाली आणि चारही वेगवेगळी उत्तर दाखवू लागली.

पहिली चाचणी गच्चीवर घेतली, ती फसली. गच्चीच्या एका कोपऱ्यात सुई एकीकडे, चार पावले सरकले की दुसरीकडे. कारण स्लॅबमधल्या सळया. सिमेंटच्या घरात होकायंत्र जमिनीवर ठेवून जानमाज अंथरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आम्ही मग ईदगाहच्या मोकळ्या मैदानात गेलो. मोटरसायकल लांब उभी केली, कारण तिच्या टाकीजवळ नेले की बटणवाले यंत्र गरकन फिरत होते.

पण खरी उत्तर कोणती, हे ठरवायचे कशावरून? इथे मुलीने शाबासकी मिळवली. वर्षातून दोनदा सूर्य मक्केत बरोबर काबागृहाच्या डोक्यावर येतो : २७-२८ मे आणि १५-१६ जुलै. त्या क्षणी जगात जिथे जिथे सूर्य दिसत असेल, तिथे सूर्याची दिशा म्हणजेच किबल्याची दिशा. आपल्या घड्याळाप्रमाणे मे महिन्यात दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी आणि जुलैत २ वाजून ५७ मिनिटांनी. भद्रावतीला त्या क्षणी सूर्य २७९ अंशांवर असणार, म्हणजे होकायंत्रे तपासायला आभाळातला तयार आकडा.

मे उलटून गेला होता. १६ जुलैला आम्ही पाचही जण मैदानात जाऊन बसलो. आपल्याकडचा जुलै कसा असतो ते सांगायला नको. अडीचला रिमझिम सुरू झाली. पावणेतीनला थांबली, पण ढग हलेनात. दादाजान छत्रीखाली बसून म्हणाले, "पुढच्या वर्षी मे महिन्यात बघू." तीनला पाचेक मिनिटे असताना ढगांत फट पडली, काठीची फिकट सावली चिखलावर उमटली आणि आम्ही धावलो. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे रोखून पाहिले की सूर्याची दिशा मिळते. सातशे रुपयांच्या यंत्रावर २८० आणि २८२च्या मध्ये आकडा आला. दादाजानांच्या सुईने, चाळिसाच्या भागांना नवाने गुणून, जवळपास तेच सांगितले आणि ते खूश झाले. स्मार्ट घड्याळाने आधी २९५ दाखवले. ते हवेत आठाच्या आकड्यासारखे फिरवून पुन्हा जुळवल्यावर २७७. नव्वद रुपयांचे यंत्र एकदा २५०, हलवून ठेवल्यावर ३०५. ते यंत्र आता धाकट्याच्या खेळण्यांत आहे.

जाता जाता एक सांगतो. चुंबकी उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक असतो आणि काही देशांत तो दहा-पंधरा अंशांचा असतो, म्हणून परदेशी पुस्तकांत तो वजा करण्यावर पानेच्या पाने असतात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा फरक एका अंशाहूनही कमी आहे. मनगटावरच्या यंत्रासाठी तो विसरून गेला तरी चालतो.

घेताना काय पाहावे

आमच्या चार यंत्रांच्या अनुभवावरून आणि पुढे वाचून-विचारून जे कळले ते असे.

आत द्रव भरलेलेच घ्यावे. कोरडी सुई चालत्या माणसाच्या हातावर थरथरत राहते, द्रवातली तीन-चार सेकंदांत थांबते. द्रव भरण्याची ही पद्धत कारखान्यात रुजवणाऱ्यांपैकी एक म्हणजे फिनलंडचे तुओमास वोह्लोनेन. दिशा शोधत धावण्याच्या खेळाचे ते खेळाडू आणि कोरड्या सुईला वैतागलेले. १९३६ साली त्यांनी सुंटो ही कंपनी काढली. तिचे पट्ट्यात अडकवायचे क्लिपर आणि मनगटावरचे एम-९ आजही नावाजलेले आहेत, पण महाग, आणि हंगामी कामाच्या पोराला तेच हवे असे नाही. मनगटावर होकायंत्र बांधण्याची कल्पना त्याहून जुनी. रशियन सैन्यातले नकाशाकार आद्रियानोव यांनी १९०७ साली असे यंत्र केले आणि पुढे दोन्ही महायुद्धांत ते शिपायांच्या हाती राहिले.

तबकडीवर नुसती उ-पू-द-प ही अक्षरे नकोत, अंश हवेत. पाच-पाच अंशांच्या रेघा असल्या तर उत्तम, दहाच्याही चालतील. बटणाएवढ्या यंत्रावर अंश लिहायला जागाच नसते, त्याचा उपयोग "उत्तर साधारण तिकडे" एवढाच. आमच्या मुलाच्या प्रसंगात तेवढेही पुरले असते, हे खरे. पण पुरले असते ते सुई अडकली नसती तर.

दुकानातच दोन परीक्षा घ्याव्यात. यंत्र सपाट धरून ते थांबू द्यावे, आकडा पाहावा. मग चाव्यांचा जुडगा जवळ नेऊन तबकडी डावीकडे ओढावी, जुडगा दूर करून पुन्हा थांबू द्यावी. नंतर उजवीकडे ओढून तसेच. तिन्ही वेळा आकडा एकच यायला हवा. दोन-तीन अंशांचा फरक चालेल, दहाचा आला तर सुईच्या टोकाखाली घासणारा दोष आहे. दुसरी परीक्षा : मनगट थोडे कलते करून तबकडी काचेला टेकते का पाहावे. चालताना मनगट कधीच अगदी सपाट राहत नाही. चुंबकसुई पृथ्वीच्या पोटाकडेही झुकू पाहते. युरोपात ती साठ-सत्तर अंशांनी झुकते, आपल्याकडे तीसच्या आसपास. थंड देशासाठी तोललेले यंत्र आपल्याकडे एका बाजूने टेकू शकते. चांगल्या कंपन्या कोणत्या पट्ट्यासाठी यंत्र तोलले आहे ते डबीवर लिहितात.

द्रवात बुडबुडा आहे का पाहावे. डोळ्याच्या बाहुलीएवढा बारीक असेल तर काळजी नाही, मोठा असेल तर द्रव झिरपतो आहे आणि चंद्रपूरच्या उन्हात तो आणखी झिरपेल. यंत्र मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा जीपच्या काचेमागे उन्हात ठेवू नये, ते याचसाठी.

पट्टा कापडी, रुंद, फुल बाहीच्या सदऱ्यावरूनही बसेल असा. चामड्याचा पट्टा घामाने कुजतो. फिरणारे कडे असेल तर फार सोय होते, ज्या दिशेने जायचे तिथे खूण वळवून ठेवली की आकडा डोक्यात धरावा लागत नाही. अंधारात चमकणारा ठिपका असेल तर मगरिबनंतर विजेरी न लावता वाचता येते.

आणि यंत्र बाजूच्या हातावर. एका मनगटावर स्टीलचे घड्याळ आणि त्याच्या शेजारी होकायंत्र बांधले तर दोन्ही वाया. आमच्या मुलीच्या पर्सचे चुंबकाचे बटण, मोबाइलच्या कव्हरमधली चुंबकाची पट्टी, मोबाइलचा स्पीकर, तिजोरीची चावी, कमरेचा कोयता, सगळ्यांपासून हातभर अंतर ठेवायचे. यातला एक धोका फारसा कोणाला माहीत नसतो. होकायंत्र बरेच दिवस मोबाइलला चिकटून पिशवीत राहिले तर सुईचे चुंबकत्वच उलटू शकते, आणि ती लाल टोकाने दक्षिण दाखवू लागते. चूक पूर्ण १८० अंशांची, तीही अगदी ठाम. म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून एकदा पाहून घ्यावे. पूर्वेला पश्चिम दाखवत असेल तर लगेच कळते.

आमच्या जिल्ह्यांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. चंद्रपुरात लोहारा आणि गडचिरोलीत सुरजागड, या टेकड्यांची नावेच लोखंडासाठी प्रसिद्ध आहेत. सगळे लोहखनिज सुई ओढते असे नाही. तांबडे खनिज फारसे ओढत नाही, काळे चुंबकी दगड मात्र ओढतात. अशा डोंगराळ भागात दहा-वीस पावले पुढे-मागे होऊन दोनदा वाचावे. आकडा बदलत असेल तर त्या जागेवर विश्वास ठेवू नये, पुढे जाऊन पाहावे. भद्रावतीत हीच गोष्ट रेल्वेरुळांजवळ आणि खाणीच्या यंत्रांजवळ लागू.

निघण्यापूर्वीचे दोन शब्द

सगळी खरेदी झाल्यावर आमच्या लक्षात आले की अर्धेच काम झाले आहे. होकायंत्र घर दाखवत नाही, फक्त दिशा दाखवते. घर कोणत्या दिशेला, हे माणसाने जंगलात शिरण्याआधी ठरवलेले असावे लागते. चुकल्यावर ते ठरवता येत नाही.

याची सोपी रीत अशी. नकाशा उघडून कामाच्या जागेच्या आसपास एखादी लांब रेघ शोधायची, जी चुकवणे शक्य नाही : डांबरी रस्ता, रेल्वे, मोठी नदी. आमच्या मुलाच्या फळीसाठी ती रेघ होती आलापल्ली-सिरोंचा रस्ता, उत्तर-दक्षिण पसरलेला, फळीच्या पश्चिमेला. रस्ता नकळत ओलांडला तरी त्याच्याही पश्चिमेला प्राणहिता नदी आहेच. म्हणजे तिथे एकच शब्द पाठ करायचा : पश्चिम. इथे भद्रावतीजवळ चंदनखेडा, मुधोलीच्या बाजूला मोहफुले वेचायला जाणाऱ्यांसाठी नागपूर-चंद्रपूर रस्ता आणि दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्ग पश्चिमेलाच, लांब असले तरी. पण मोहर्लीकडे हाच शब्द वापरला तर इरई धरणाचे पाणी आडवे येते. म्हणून दर जागेचा शब्द वेगळा, तो आदल्या रात्री ठरवायचा आणि सोबतच्या सर्वांना सांगून ठेवायचा. ज्यांना कागदी नकाशा हवा त्यांच्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आहेत. जुन्या क्रमांकांत भद्रावती ५५ पी या पत्रकात येते आणि चंद्रपूर ५६ एम मध्ये, कारण विसाव्या अक्षांशाची रेघ दोन्ही गावांच्या मधून जाते. चंद्रपूरचा नकाशा मागवून त्यात भद्रावती शोधत बसू नये. आम्ही बसलो होतो.

दुसरी युक्ती एका निवृत्त वनपालांनी आम्हाला चहाच्या टपरीवर शिकवली. रस्त्यावरचे ठरावीक ठिकाण गाठायचे असेल तर नेमके त्याच्यावर नेम धरायचा नाही. मुद्दाम थोडे उत्तरेकडे चुकायचे. मग रस्ता लागला की शंका राहत नाही, डावीकडे म्हणजे दक्षिणेला वळायचे. नेमका नेम धरलेला माणूस रस्त्यावर येऊन उभा राहतो आणि डावीकडे जाऊ की उजवीकडे, याच्यात पुन्हा हरवतो. चालताना सुईकडे बघत चालायचेही नाही. दिशा पाहून त्या रेषेतले दूरचे एक ओळखू येईल असे झाड हेरायचे, त्याच्याकडे चालायचे, तिथे पोहोचून पुन्हा पाहायचे. "सुईकडे पाहणारा माणूस पायाखालचा साप आणि समोरचं अस्वल दोन्ही चुकवतो," ते म्हणाले. वनखात्यात व्याघ्रगणनेच्या वेळी वनरक्षक आपल्या बीटमध्ये दोन किलोमीटरची सरळ रेषा चालतात आणि चितळ, सांबर दिसले की ते कोणत्या दिशेला, किती अंतरावर, याची नोंद करतात. दिशेसाठी हातात होकायंत्रच असते.

याच लोकांकडून एक ताकीदही मिळाली, ती जशीच्या तशी देतो. होकायंत्र आहे म्हणून ज्या जंगलात जायचे नाही तिथे जायचे नाही. ताडोब्याच्या राखीव क्षेत्रात पर्यटकांना पायी फिरण्याची परवानगी नाही, आणि ती का नाही हे आपल्या जिल्ह्याला कोणी समजावून सांगायला नको. नोव्हेंबर २०२१ मध्ये गणनेच्या पायी पाहणीवर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा तिथे वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या एकट्या नव्हत्या आणि रस्ताही चुकल्या नव्हत्या. मोहफुले आणि तेंदूच्या दिवसांत दरवर्षी बातम्या येतात, बहुतेक पहाटे वाकून वेचणाऱ्या माणसांच्या. होकायंत्र वाघापासून वाचवत नाही. ते जंगलात घालवायचे तास कमी करते, आणि संध्याकाळ होण्याआधी रस्त्यावर आणते. अंधार पडलाच तर चालत राहू नये. गावाजवळ असाल तर आवाज द्यावा, रेंज मिळाली तर ११२ किंवा वनखात्याचा १९२६ लावावा. गडचिरोलीत नाक्यावर पिशवी तपासतात, तेव्हा ओळखपत्र आणि ठेकेदाराचे किंवा ग्रामसभेचे कामाचे पत्र जवळ असावे.

एवढे सगळे आम्ही मुलाला सांगत होतो तेव्हा तो हसत होता. म्हणाला, "ज्या आजींनी मला पाणी दिलं, त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं." खरे आहे. त्या जंगलात वाढलेल्या माणसाला दगड, नाला, मोहाचे झाड सगळे नावाने ओळखू येते. यंत्र हवे ते आपल्यासारख्या बाहेरून जाणाऱ्यांना. यंदा जाताना त्या आजींसाठी अम्मींनी एक सुती लुगडे बांधून दिले आहे. पाड्याचे नाव त्याला ठाऊक आहे, आणि नातवाने सोडले ती वाटही या वेळी त्याने वहीत काढून ठेवली आहे.

महिनाअखेरीस तो निघेल. होकायंत्र सध्या प्लास्टिकच्या डब्यात, शिवणाच्या दोऱ्यांसोबत, फडताळाच्या वरच्या खणात आहे. मोबाइलचे चार्जर खालच्या खणात. धाकट्याला सक्त सांगितले आहे की डबा खाली आणायचा नाही. तरी रोज फजरनंतर दादाजान तो उघडतात, अंगणात जातात आणि सूर्य वर येताना सुई नीट आहे ना, ते पाहून पुन्हा ठेवतात.